मागचं आमी बगतो

सांगलीच्या एका दवाखान्यात डॉ. ब्राह्मी भूल द्यायचं काम करायची. ऑपरेशन थिएटरच्या दारात माणसं काय काय बोलतात, ते तिच्या कानांना सवयीचं झालं होतं. पण पन्नाशी ओलांडलेल्या गुंडा नावाच्या शेतकऱ्याला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आत नेताना त्याच्या वाडीहून आलेली माणसं एका सुरात जे बोलली, ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

"जा आता. म्होरचं तू बग, मागचं आमी बगतो. वळून बगू नगंस."

गुंडानं नुसता हात वर केला. टेबलावर त्याची नाडी इतकी संथ लागली, की ब्राह्मीनं वायर नीट चिकटलीय ना, ते पुन्हा तपासलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिनं विचारलं, "काल दारात म्हणत होते, ते काय होतं? आरती?"

"आरती कशाची! भाषान हाय ते," गुंडा म्हणाला. "एकाहत्तरच्या लढाईतलं. आमच्या वाडीत पोरगं भरतीला निघालं, लेक सासरी निघाली, तरी त्येच म्हनत्यात."

"एवढंसंच भाषण? कुणी केलं?"

"साळूकाकीनं. हाय की अजून. या की गावाकडं."

ब्राह्मीनं शाळेत कितीतरी भाषणं पाठ केली होती आणि बक्षीस मिळालं की विसरूनही गेली होती. हे तीन वाक्यांचं भाषण पन्नास वर्षं टिकलं कसं, हा प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. गुंडा घरी गेल्यावर एका रविवारी तिनं गाडी काढली आणि कडेगावच्या पुढं, उसातून जाणाऱ्या रस्त्यानं ती वाडीत पोचली.

शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पुढचे तुम्ही पाहा, मागचे आम्ही पाहतो.'

"ते माजं न्हवं," साळूबाईंनी गुंडाच्या ओसरीवर बसता बसताच सांगून टाकलं. "मास्तरानं धुऊन इस्त्री केलीया त्येला. मी जन्मात कवा 'पाहतो' म्हनले न्हाई."

साळूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज अजून खणखणीत. शेजारी तेवढ्याच वयाच्या रंगुबाई, म्हणजे गुंडाची आई, घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आजी, त्या दिवशी नेमकं काय झालं?" ब्राह्मीनं विचारलं.

"रेडिओवर सांगितलं, सुट्टीवरच्या समद्या फौजींनी परत यावं. निम्मी वाडी फौजेत. कराड टेसनाला न्यायला यष्टी आलेली. सरपंच भाषान करत हुते. ते काय संपंना, आन् डायवर हारन वाजवतोय. आन् आमचं मालक, नाथाजी, एक पाय पायरीवर ठेवून मला सांगत्यात, म्हस गाभन हाय, शाळूला पानी द्याचं ऱ्हायलंय, म्हातारीचं औशिद संपलंय... निगायचं नावच न्हाई. मला आला राग. मी वरडले, 'जावा आता! म्होरचं तुमी बगा, मागचं मी बगते. वळून बगू नगा!'"

ब्राह्मी एकदम पुढं सरकली. "मी बगते? मग 'आमी' कुणी म्हटलं?"

"ह्या रंगूनं. गुंड्या हुता हिच्या कडंवर. ही म्हनली, 'आमी बगतो.' मग समद्याच बायका म्हनाय लागल्या."

"खोटं बोलतीया," रंगुबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "मी रडत हुते. माज्या तोंडातनं शबूद फुटत न्हवता. 'आमी' म्हनली ती हीच."

"मी कशाला म्हनू? मी माज्या नवऱ्याला सांगत हुते!"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. हा वाद आजचा नव्हे, हे ब्राह्मीच्या ध्यानात आलं. तिनं हळूच विचारलं, "सगळे परत आले?"

उत्तर रंगुबाईंनी दिलं.

"हिचा आला. माजा न्हाई आला." त्यांनी सोललेले दाणे ताटात सारले. "दिवसकार्य झालं, पावनं गेलं. मग मी हिच्या दारात जाऊन उबी ऱ्हायले. म्हनलं, साळू, बोलली हुतीस न्हवं? मग बग आता."

"तवा मला कळलं, मी काय बोलून बसले ते," साळूबाई म्हणाल्या. "लय भ्या वाटलं. माजंच मला निभंना. पन बोलल्यालं न्हाई म्हनायचं कसं? हिचा शाळू आदी काडला, मग माजा. ते बगून बाकीच्या आल्या. कुनाचा मालक सरहद्दीवर, कुनाचा दवाखान्यात. जिच्या घरचा भाईर, तिच्या रानात आदी जायाचं, आसं पडूनच गेलं."

"अजूनही?"

"गुंड्या तुमच्यात पडला, तवाधरनं त्येचा ऊस कोन पाजतंय? ह्यो काय समोरचं रान."

ब्राह्मीनं मान वळवून पाहिलं. पाटाच्या कडेला चिखल अजून ओला होता आणि त्यात बऱ्याच पायांचे ठसे उमटले होते. सरपंच काय बोलले होते, हे तिनं सहज विचारलं. दोघींनाही आठवेना.

जेवल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही. वाटेत विट्याच्या अलीकडं तिला एकदम सुचलं, आणि गाडी बाजूला घेऊन तिनं गुंडाला फोन लावला. "अहो, काकींना विचारा ना, नाथाजींनी काय उत्तर दिलं होतं?"

पलीकडं दोन म्हाताऱ्यांचं हसू ऐकू आलं. मग गुंडा म्हणाला, "डॉक्टरीणबाई, त्यास्नी काय ऐकूच आलं न्हाई म्हनं. इंजिनाचा आवाज लय हुता. कराडला गेल्यावर बाकीच्यांनी सांगितलं, तवा कळलं."