पोटात सांडलेली हळद

मी एक जुनं, काचेचं चंचुपात्र आहे, मित्रांनो. माझ्या चोचीचा टवका उडालाय. भट्टीत जन्म झाला आणि थेट सांगलीच्या एका कॉलेजात माझी रवानगी झाली. तिथे पोरांनी मला आपटलं, विसळलं. एकदा तर चहासुद्धा उकळला माझ्यात. काय बोलावं!

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पलूसची रेश्मा तिथे संशोधन शिकायला आली. बी.एस्सी.ची पोर. डोळ्यांना कधीच न दिसणारे कण तिला बनवायचे होते. सर त्यांना नॅनोकण म्हणत. स्पिरिटातलं नितळ द्रावण फिकं पिवळं झालं, की कण तयार झाले असं समजायचं. जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात बंगळूरची मोठी प्रयोगशाळा. तिने मला इतकं लख्ख घासलं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

एके दुपारी तिची आई, मनुबाई, भाकरी घेऊन आली. लेक हात धुवायला गेली होती. "नव्या कामाला हळदकुंकू नगं व्हय?" असं पुटपुटत तिने माझ्या अंगाला बोट लावलं. चिमूटभर हळद आत सांडली. मला चोच आहे, पण वाचा नाही.

रेश्माला कुंकवाचं बोट दिसलं. आईचं म्हणून तिने ते पुसलं नाही; तळाची हळद मात्र तिच्या नजरेतून सुटली. द्रावण पिवळं झालं, पेढे वाटले गेले. सरांनी नमुना पुण्याला तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा सुट्टी संपत आली होती. कण नाहीत, हळद आहे.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

रेश्माने माझ्या अंगावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं. "माझ्याच हातून झालं, सर."

बंगळूरला दुसरंच कुणी गेलं. न्यायला आलेली आई म्हणाली, "आला न्हवं रंग? माझा हातगुण हाय बघ."

"व्हय आई, लय छान आला."

फार वाईट वाटलं, मित्रांनो. काचेला रडता येत नाही.

टवका उडाल्यावर मला टाकूनच देणार होते. रेश्माने मागून घेतलं. आता ती मेढ्याच्या शाळेत शिकवते, माझ्यात खडू ठेवते. बाळांनो, भांडी निगुतीने धुवा, झाकून ठेवा. पण मायेने कुणी हळद लावली, तर त्या माणसाला बोल लावू नका.

दर खंडेनवमीला मनुबाई हळदकुंकू घेऊन शाळेत येते. रेश्मा खडू काढते, मला पालथं घालते आणि म्हणते, "लाव आता, आई."

"दरसाली पालथं का गं घालतीस?"

"असंच गं," रेश्मा म्हणते.