रिसेप्शनमध्ये एक जागा

मी एका शाळेतलं पॅड. परीक्षेला मुलं कागदाखाली धरतात ना, तसलंच. तपकिरी हार्डबोर्डची फळी आणि डोक्यावर स्टीलची क्लिप. व्याकरणाच्या हिशेबानं मी ‘ते पॅड’ असलो, तरी स्वतःबद्दल ‘बोलतंय, बसलंय’ करत राहणं मला बरं वाटत नाही. म्हणून मी सरळ ‘बोलतोय’ म्हणतो. तेवढं चालवून घ्या.

लाकडाचा भुसा भिजवून, दाबून, भाजून मला केलं. आम्ही बारा भावंडं एकाच गठ्ठ्यात बांधलेली होतो. त्यातली सहा या शाळेनं घेतली. बाकीची कुठं गेली, कुणाच्या मांडीवर बसली, याचा मला अजून पत्ता नाही, आणि ती रुखरुख आहेच. इथं आल्यावर माझ्या पाठीवर ‘४’ आकडा चिकटवला आणि प्रवेशाच्या खोलीत खुंटीवर टांगलं.

शाळा मोठी. ब्रिटिश अभ्यासक्रमाची, आंतरराष्ट्रीय. प्रवेशाच्या खोलीला काचेचं दार, दोन सोफे, माशांची एक टाकी आणि एक कॉफीचं यंत्र. त्या यंत्राला कुणी हात लावत नाही, कारण त्याचेही पैसे लावतील की काय अशी लोकांना धास्ती असते. कॉफी फुकट आहे. मला सांगता येत नाही, एवढंच.

माझं काम सोपं. आईबाप आले की प्रवेशाच्या बाई मला खुंटीवरून काढतात, फॉर्म लावतात आणि त्यांच्या हातात देतात. या बाईंना आईबाप आपसात ‘चष्मेबाई’ म्हणतात, कारण त्यांचा एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा डोक्यावर असतो. मग सगळा संसार माझ्या अंगावर उतरतो. राहता कुठं, करता काय, घरी कोणती भाषा बोलता, मुलाला कशाची ॲलर्जी आहे. मी कुणाच्या घरात नाक खुपसत नाही हो. लोक आपणहून लिहून देतात. ‘आधीची शाळा सोडण्याचं कारण’ हा रकाना आला की मात्र मी कान टवकारतो.

माणसांच्या बऱ्याच सवयी मला तिथं बसल्या बसल्या कळल्या. आया मुलांची जन्मतारीख कागदाकडे न बघता लिहितात. बाप आधी बायकोकडे बघतात. ‘मुलाचे छंद’ या रकान्यात सगळे ‘वाचन’ लिहितात, आणि ते वाचनप्रेमी मूल त्या वेळी टाकीच्या काचेला जीभ लावून माशाला चिडवत असतं. फीचा कागद हातात आला की वरचं काही न वाचता नजर थेट खाली जाते. तिथं एका सत्राची फी असते. मग नवरा-बायको डोळ्यांनीच दोननं गुणतात आणि मान हलवतात, की जमेल. तेवढ्यात फीवाले काका आपल्या खिडकीतून हळूच म्हणतात, “तीन सत्रं असतात बरं का आपल्याकडे.” त्यानंतर माझ्यावर थोडा वेळ काहीच लिहिलं जात नाही.

असंच एकदा एक कुटुंब आलं. आई, तिचा धाकटा भाऊ आणि साडेचार वर्षांची मुलगी. बाप बोगदे खोदणाऱ्या मोठ्या यंत्रावर तंत्रज्ञ. बोगदा आरपार झाला की यांचं बिऱ्हाड उचलायचं, पुढच्या देशात. या पोरीच्या एवढ्याशा आयुष्यात तीन घरं आणि दोन बालवाड्या होऊन गेल्या होत्या. दुसरी बालवाडी सुटली तशी ती बाहेरच्या माणसांशी बोलेनाशी झाली. घरी बडबड, बाहेर मिटलेलं तोंड. कुणीतरी आईला सांगितलं होतं की या अभ्यासक्रमाच्या शाळा सगळीकडे असतात, वर्ग तेच, पुस्तकं तीच. पुढच्या गावी गेलात तरी पोरीला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही. म्हणून आईनं हीच शाळा धरून ठेवली होती. फी बापाची कंपनी भरणार होती. पण महिन्याच्या तीस तारखेच्या आत प्रवेशाचं पत्र मिळालं तरच. नाहीतर या वर्षी काही नाही.

हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर मामा. मामा फार बोलका होता.

“ताई, तू बस. फॉर्म मी भरतो. माझं हे रोजचं काम आहे.” तो एका दुकानात मोबाइलची सिमकार्डं विकायचा, फॉर्म भरण्यात त्याचा हात बसलेला. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि पहिलीच ओळ वाचून चष्मेबाईंना विचारलं, “डे स्कूल म्हणजे दिवसाची शाळा. मग तुमची रात्रीची शाळा कुठं भरते?”

“रात्रीची नाही हो. डे म्हणजे मुलं संध्याकाळी घरी जातात. वसतिगृह नाही.”

“मग घरी जाणारच की. आम्ही काय पोर टाकून द्यायला आलोय?”

चष्मेबाई हसल्या आणि फोन वाजला म्हणून आत गेल्या. त्या तिथंच थांबल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं.

कारण मामा पुढच्या ओळीवर आला. ‘कोणत्या वर्गासाठी अर्ज?’ खाली चौकोनांची रांग: रिसेप्शन, इयर वन, इयर टू, आणि पुढे. मामानं पेन रिसेप्शनवर ठेवलं आणि उचललं.

“हे काय रे?” आईनं विचारलं.

“हे ऑफिसचं आहे. रिसेप्शन म्हणजे बाहेरचं काउंटर. फॉर्म तिथं द्यायचा, असं लिहिलंय. ते लोक खूण करतील.”

“आणि आपण?”

“इयर वन. वन म्हणजे पहिली. शाळा पहिलीपासूनच सुरू होते ना, ताई?”

“अरे पण ती अजून साडेचारचीच आहे.”

“परदेशी अभ्यासक्रम आहे. लवकर घेत असतील. आपल्याला तिला शिकवायचंय की रिसेप्शनला बसवायचंय?”

आणि त्यानं इयर वनच्या चौकोनात झोकात खूण केली.

मला इतकी वर्षं झाली होती तिथं. त्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्गाचं नावच रिसेप्शन आहे, चार पूर्ण झालेल्या मुलांचा वर्ग, हे मला माहीत होतं. इयर वन त्याच्या पुढचा. माझ्या अंगावर चुकीची खूण होत होती आणि मला साधं खाकरताही येत नव्हतं. मी जमेल तेवढी क्लिप करकरवली. मामा म्हणाला, “पॅड जुनं झालंय यांचं.”

फॉर्म गेला इयर वनच्या ट्रेमध्ये. आठ दिवसांनी चाचणीचं बोलावणं आलं. त्या दिवशी मी इयर वनच्या शिक्षिकेच्या हातात होतो. पाच-सहा वर्षांची चार मुलं आणि ही. बाकीच्यांचे पाय जमिनीला टेकत होते, हिचे लोंबकळत होते. शिक्षिकेनं चित्राचं पुस्तक पुढं ठेवलं आणि एक ओळ वाचायला सांगितली. पोरीनं पुस्तकाकडे पाहिलं, शिक्षिकेच्या कानातल्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. एक वाक्य लिही म्हटल्यावर तिनं पेन्सिल नीट आडवी ठेवून दिली. माझ्यावरच्या कागदावर शिक्षिकेनं लिहिलं: वाचन नाही. लेखन नाही. उत्तर दिलं नाही. लिहिणारीचं काही चुकलं नव्हतं. पण जन्मतारखेचा कागद तिच्यापुढे नव्हता.

सव्वीस तारखेला नकाराचं पत्र गेलं, आणि त्याच दुपारी आई पोरीचा हात धरून दारात उभी राहिली. मामा बरोबर नव्हता.

“मला भांडायचं नाही,” ती चष्मेबाईंना म्हणाली. “फक्त तिचं काय कमी पडलं ते सांगा. आम्ही घरी करून घेऊ.”

चष्मेबाईंनी फाइल काढली, कागद माझ्यावर लावले, वाचले. “हुशारीचा प्रश्न नाही हो. या वर्गात मुलं वाक्यं लिहितात. ती अजून तयार नाही. आमच्या रिसेप्शनमध्ये जागा असती तर मी म्हटलं असतं, वर्षभर तिथं बसू दे. पण रिसेप्शन भरलंय.”

आईनं काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. काउंटरवर कुणी नव्हतं. फिरती खुर्ची रिकामी होती.

“भरलंय कुठं?” ती अगदी साधेपणानं म्हणाली. “ती खुर्ची तर रिकामीच आहे. ही काही त्रास देणार नाही. वर्षभर बसेल तिथं. येता-जाता वर्गाचं कानावर पडलं तरी पुरे.”

फीवाले काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

चष्मेबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, डोक्यावरचा लावला. “तिथं नव्हे हो. रिसेप्शन हा वर्ग आहे. सगळ्यात लहान मुलांचा.” आणि मग त्यांची नजर माझ्यावरच्या जन्मतारखेवर गेली. “साडेचार? मग इयर वनवर खूण कुणी केली?”

“माझ्या भावानं. तो म्हणाला, रिसेप्शन म्हणजे तुमचं काउंटर.” आईला रडायलाही येत होतं आणि हसायलाही. “मला वाटलं होतं विचारावं. पण इथं सगळे इतके टापटीप. म्हटलं, एवढंसं कळत नाही म्हणतील.”

“तारीख मी बघायला हवी होती,” चष्मेबाई म्हणाल्या. “मी खूण बघितली आणि फॉर्म ट्रेमध्ये टाकला. अर्धी चूक आमची.”

चूक कळली, पण त्यानं जागा थोडीच निर्माण होते? रिसेप्शनचे दोन्ही वर्ग खरंच भरलेले होते. एका घरानं मात्र अजून पैसे भरून जागा पक्की केली नव्हती. त्यांची मुदत अठ्ठावीसला संपत होती. “त्यांनी भरले, तर माझ्या हातात काही नाही,” चष्मेबाईंनी स्पष्ट सांगितलं. “पण उद्या तिला खेळायला घेऊन या. रिसेप्शनला पेपर नसतो. नुसतं खेळताना बघतात. वेगळी फी नको.”

दुसऱ्या दिवशी मी रिसेप्शनच्या शिक्षिकेबरोबर गालिच्यावर होतो. या शिक्षिका जमिनीवरच मांडी घालून बसायच्या. पोरगी दहा मिनिटं भिंतीला चिकटून होती. ठोकळे नको, बाहुली नको, वाळू नको. नजर माझ्यावर. शिक्षिका काही लिहू लागल्या की पोरगी मान लांब करायची.

शेवटी ती आली, जवळ बसली, आणि दोन्ही हातांनी मला ओढून घेतलं. शिक्षिकेनं सोडलं.

“तुझं नाव काय?” पोरीनं विचारलं. बाहेरच्या माणसाशी पहिला शब्द.

शिक्षिकेनं नाव सांगितलं. पोरीनं माझ्यावर एक गोल काढला.

“तुला इथं कोण सोडतं?”

“मीच येते. बसनं.”

गोलाला शेपूट फुटलं. “तुला शू लागली तर कुणाला सांगतेस?”

“कुणालाच नाही. मला वाट माहीत आहे. दाखवू तुला?”

“नंतर. आधी लिहू दे,” ती म्हणाली, आणि पंधरा मिनिटं त्या बाईंची मुलाखत चालली. बाईंना घरी भाऊ आहे का, त्या रागावल्या की कशा रागावतात, इथं नवीन माणूस आला तर त्याला कोण सांगतं. एवढे प्रश्न मी कुठल्याच फॉर्मवर पाहिले नव्हते. खरं सांगतो, चौकसपणात आपल्यालाही मागं टाकणारं कुणीतरी आहे, हे बघून मी मनात तिच्यापुढे पार वाकलो. काचेबाहेर आई तोंडावर पदर धरून उभी होती.

शिक्षिकेनं चष्मेबाईंना एकच वाक्य सांगितलं: “जागा झाली तर हीच हवी.”

अठ्ठावीसला संध्याकाळपर्यंत त्या घराचे पैसेही नाहीत आणि फोनही नाही. चष्मेबाई निघायच्या वेळी पर्स खांद्यावर अडकवून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनीच त्या घराला फोन लावला. त्या लोकांनी मुलाला घराजवळच्या शाळेत घातलं होतं. कळवायचं राहून गेलं म्हणाले. चष्मेबाईंनी पर्स खाली ठेवली, पत्र छापलं आणि मग आईला फोन केला.

एकोणतीसला नवा फॉर्म भरायला मामा आला. आता तो एकेका शब्दाला थांबत होता. “बाई, ‘पालक’ म्हणजे मी धरायचा की नाही? ‘पत्ता’ म्हणजे आत्ताचाच ना? आणि ही सही, म्हणजे आपली नेहमीचीच सही?” चष्मेबाईंनी न कंटाळता सगळं सांगितलं. मला तर वाटतं, सगळ्यांनी असंच भरावं. न कळलेला शब्द विचारला म्हणून आजवर या खोलीत कुणाची लाज गेलेली मी पाहिली नाही. न विचारता केलेल्या खुणा मात्र खूप पाहिल्या.

पुढं फॉर्म संगणकावर गेले. आम्ही सहाही भावंडं कपाटात पडलो. माझ्या क्लिपची स्प्रिंग ढिली, कोपरे फुगलेले. मला वाटलं, आता रद्दी. पण रिसेप्शनच्या शिक्षिका येऊन मला घेऊन गेल्या. त्यांच्या वर्गात एक कोपरा आहे, मुलं तिथं दवाखाना, दुकान, ऑफिस खेळतात. मी सध्या तिथं असतो. ती पोरगी तिथं ऑफिसची साहेब आहे.

गेल्या आठवड्यात सत्राच्या मधेच एक नवी मुलगी आली. दप्तर उतरवेना, बोलेना. साहेबांनी मला उचललं आणि तिच्यासमोर जाऊन बसल्या.

“नाव?” उत्तर नाही. गोल काढला.

“किती दिवस राहणार?”

नव्या मुलीनं खूप वेळानं सांगितलं, “माहीत नाही.”

“मला पण नाही,” आमची म्हणाली. आणि तिनं उत्तराच्या जागी एक रेघ ओढायला घेतली. ती कागदभर गेली, कागद संपला तरी थांबली नाही, माझ्या उघड्या अंगावरून थेट काठापर्यंत आली.

कागद त्या नव्या मुलीनं दप्तरात घालून घरी नेला. रेघेचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे. शनिवारी सफाईवाल्या मावशी ओलं फडकं घेऊन येतात. मावशी, माझी एवढीच विनंती. डाग, शाई, डिंक, सगळं खुशाल घासा. तेवढ्या रेघेवरून हात जरा हलका फिरवा.