पाचवा ठिपका

मी अब्राहाम मिस्तरी. बेलापूरला बाजारतळाच्या मागं माझं गॅरेज हाय आनि माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. भुताखेतावर माझा इस्वास न्हाई. आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढचं ऐकून कुनी दात काढायला नको.

आषाढात भीमराज त्याच्या आज्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीनं बांधून घेऊन आला. पन्नास वर्षांचं धूड. आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून भायेर आलेला. ब्लॉक म्हंजे इंजिनाचा मूळ सांगाडा, त्यालाच हात जाईल एवढं भगदाड.

"मिस्तरी, वेल्डिंग मारा की."

"तुझ्या टकुऱ्याला मारू का वेल्डिंग? दुसरा ब्लॉक लागंल."

"मंग बघा. पोळ्याला मिरवायचाय. दावनीला बैल ऱ्हायला न्हाई, आज्यानं ह्याच्यावरच शेत केलं. आमचा बैल ह्योच."

बघा म्हननं सोपं हाय. श्रीरामपूरला एक घावला, तर पंप बसायची जागा उलट्या अंगाला. संगमनेरला एक हुता, त्याचे सिलिंडर घासून घासून पार पातळ झालेले. नगरला एकानं तर दुसऱ्याच मॉडेलचा ब्लॉक रंग लावून दाखवला. त्याला मी असा झापला की त्याची गिऱ्हाइकं उठून गेली. तीन आठवडे चपला झिजवल्या. मंग शेवगावच्या कल्यान भंगारवाल्यानं मोबाईलवर फोटो धाडला. ब्लॉकच्या अंगावरचा ओतीव नंबर आकडा न् आकडा जुळत हुता.

भीमराजचा टेम्पो घेऊन दोघं गेलो. गोनपाटाखाली ग्रीस थापलेला ब्लॉक. सिलिंडर कोरे करकरीत, आतनं घासून नवा बोअर केल्यापासून जनू चाललाच न्हाई. हातोडी मारून बघितली. तडा असला की ब्लॉक बद्द वाजतो, ह्यो घंटीवानी वाजला. भीमराजनं तर टाळीच वाजवली. मी रॉकेलच्या फडक्यानं कोपरा पुसला आनि परत एकदा पुसून बघितला. कोपऱ्यात पंचाचे, म्हंजे टोकदार छिन्नीनं ठोकलेले, चार ठिपके हुते. वर एक, खाली एक, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. मधला न्हाई.

ही निशानी माझा धाकटा भाऊ पॉल करायचा. काम संपलं की चार ठिपके मारायचा. इंजिन चालू होऊन चांगलं गरम झालं, की मंगच मधला पाचवा. पाच ठिपक्यांचा क्रूस. मधला मारल्याबिगर ट्रॅक्टर दारातनं सोडायचा न्हाई. चारच ठिपक्यांवर राहिलेला ब्लॉक सगळ्या जिल्ह्यात एकच हुता. पॉल ज्याच्याखाली मेला, त्याचा.

एकोनीस वर्सं झाली. त्या ट्रॅक्टरचं स्विच खराब हुतं. तवा आमी सगळेच मिस्तरी खाली मागच्या चाकापाशी उभं ऱ्हायचो आनि स्क्रू ड्रायव्हर टेकवून स्टार्टरला शॉर्ट मारायचो. शान्या मानसानं करू नये, पन करायचो. ट्रॅक्टर गिअरात असला, की तसाच अंगावर येतो. ह्यो आला. दोन हात पुढं जाऊन बंद पडला, पन तेवढ्यात व्हायचं ते झालं. मालकानं तो अपशकुनी म्हनून भंगारात मोडला.

"काय झालं, मिस्तरी?" भीमराज म्हनाला. "जुळतोय न्हवं?"

न्हाई म्हनायला कारन काय सांगनार? जुळत तर हुता. आनला.

दुपारची माझी भाकरी मरिया आनते. मरिया पॉलची बायको. गॅरेजच्या मागंच ऱ्हाते. तिच्या नजरंस पडू नये म्हनून ब्लॉक आला त्याच दिशी मी ठिपक्यांवर रंग फासला. सकाळी बघतो तर बाकीचा रंग जागच्या जागी, तेवढ्या चार ठिपक्यांवरचा उडालेला. खाली ग्रीस राहिलं आसंल. परत पुसून परत रंगवलं. परत उडाला.

आनि ते वाजनं. पॉलची खोड हुती, इंजिन जोडून झालं की छोट्या हातोडीनं तीनदा टकटक करायचा आनि म्हनायचा, "बोल रं बाबा." आता भर दुपारी, गॅरेजात मी एकटा, आनि टक, टक, टक. पत्रा तापला की वाजतो, हे मला कळत न्हाई व्हय? चाळीस वर्सं त्याच पत्र्याखाली काढली मी. पन पत्रा मोजून तीनदा वाजत न्हाई. मी पाना आपटून वराडलो, "गप ऱ्हा ना भाड्या!" वराडलो आनि मंग रडूच आलं. भावाला मी नेहमी असंच बोलायचो.

पंधरा दिसांत इंजिन बसलं. भीमराज सकाळीच हार घेऊन हजर. मी आत हात धूत हुतो. मरिया चहा घेऊन दारात आली हुती. भायेरून भीमराजनं हाक दिली, "मिस्तरी, चावी फिरंना. शॉर्ट मारतो. न्यूट्रलला हाय न्हवं?"

अगदी हेच पॉलनं इचारलं हुतं. मी तवा दुसऱ्या गाडीखाली पडलेलो, घामाघूम, वैतागलेला. न बघताच म्हनलो, "हाय रं, मार की, किती इचारशील!" आनि आत्ताबी तोंडातनं 'हाय' निघालंच हुतं.

टक. टक. टक.

"थांब!" मी असा केकाटलो की मरियाच्या हातातली किटली पडली. पळत गेलो, पायरीवर पाय टाकून वर चढलो, दांडा हलवून बघितला. पहिल्या गिअरात. उतारावर ब्रेक धरत न्हाई म्हनून रातच्याला मीच टाकून ठेवला हुता. तवाबी मीच टाकला हुता.

भीमराज चाकापाशी उभा, हातात स्क्रू ड्रायव्हर. "काय वो, काय झालं?"

"हातोडी कुनी वाजवली?"

"कसली हातोडी? म्या कायबी ऐकलं न्हाई."

त्याला बाजूला केला. न्यूट्रल करून, क्लच दाबून, चावीच्या तारा जोडून वरूनच चालू केला. पहिल्याच झटक्यात धडधडला. भीमराज हार घालून नाचाय लागला. मी खाली उतरलो तर मरिया त्या कोपऱ्याकडं बघत हुती. तिचा नवरा कशी निशानी करायचा, हे तिला मी सांगायची गरज न्हवती.

"भावजी," ती म्हनली, "ह्यो तोच ना?"

"व्हय."

"तुमी कशाला वराडला?"

भीमराजला मी हार नीट बांधायला दोरी आन म्हनून पिटाळला. आनि एकोनीस वर्सं गळ्यात अडकलेलं भायेर काढलं. "मरिया, त्या दिशी गिअर मी टाकला हुता. त्यानं इचारलं तवा न बघता न्यूट्रल हाय म्हनलो. पोलिसांनी इचारलं तवा सांगितलं, आदल्या रातची उतरली नसंल, त्याला भान न्हवतं. गावानं त्याला दारुडा म्हनलं आनि मी ऐकून घेतलं."

मला वाटलं, ती मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली, किटली सरळ केली.

"त्या दिशी सकाळी मी त्याच्याशी भांडले हुते," ती म्हनली. "लई वंगाळ बोलले. मेलास तरी रडनार न्हाई म्हनले. मला वाटायचं, माझंच बोलनं त्याच्या डोक्यात हुतं, म्हनून त्यानं गिअर बघितला न्हाई. दर ऐतवारी चर्चमधी गुडघ्यावर बसून त्याचीच माफी मागत आले, भावजी. एकोनीस वर्सं. तुमी माझ्याच शेजारच्या बाकड्यावर बसत हुता."

इंजिन चालतच हुतं. गरम झालं हुतं. उगं कायतरी करायचं म्हनून मी पंच आनि हातोडी उचलली, मधला ठिपका मारायला.

"तुमी नका मारू," ती म्हनली. "त्याची लेक एंजेला मारील. दारुड्याची पोरगी म्हनून शाळेत पोरं तिच्या मागं लागायची, तवा तिला उचलून घरी तुमीच आनायचा. तिला बोलवा. तिच्या तोंडावर सगळं सांगा. मंग ती मारील, न्हाईतर न्हाई मारनार."

एंजेला नगरला नर्स हाय. फोन लावला. "काय काका, तब्येत बरी हाय ना?" म्हनाली. ये म्हनलो, काम हाय. शनिवारी येते म्हनली.

भीमराजला सांगितलंय, पोळा सोमवारी हाय, ट्रॅक्टर रविवारी ने. पंच धुऊन पुसून ब्लॉकवर ठेवलाय. दिसभर गॅरेजात बसून ऱ्हातो, तिला पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत. त्या दिवसापासून काय वाजलं न्हाई. ऊन तेवढंच हाय, पत्राबी तोच हाय. मी कान देऊन बसतो, एकदा तर "बोल रं बाबा" असंबी म्हनून बघितलं. आता बोलायची पाळी माझी हाय, हे त्यालाबी ठाऊक आसंल.