वीतभर अंतर

आमच्या क्लबात गोल्फ शिकवणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळे ‘वीतबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एके काळी त्या व्यावसायिक खेळाडू होत्या. एका मोठ्या स्पर्धेत, शेवटच्या होलवर, म्हणजे खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर, भोकापासून वीतभर अंतरावरचा चेंडू त्यांच्याच्यानं आत गेला नाही. हात थरथर कापला. पुढच्या स्पर्धेतही कापला, त्याच्या पुढच्याही. लांबचा फटका सुरीसारखा सरळ आणि वीतभरावर आलं की गाडं अडलं. शेवटी त्यांनी खेळणं सोडून शिकवायला घेतलं. बुडालेल्यानं पोहायला शिकवावं तसं हे, असं आमचे चिटणीस म्हणत. चिटणीस खेळतही नसत आणि शिकवतही नसत, त्यामुळे मतं बाळगायला त्यांच्याकडे जागा भरपूर.

बाईंचा नियम एकच: चेंडू भोकात पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय वाकायचं नाही. क्लबाचा रिवाज उलटा. दोघांच्या सामन्यात समोरच्याचा चेंडू भोकाजवळ थांबला की ‘उचला’ म्हणायचं, म्हणजे तो आत गेलाच असं धरायचं. खेळात तशी मुभा आहे. पण अध्यक्षांच्या बाबतीत ती मुभा रबरासारखी ताणत गेली. आधी वीतभरावर ‘उचला साहेब’, मग हातभरावर, पुढेपुढे चेंडू भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचला तरी पुरे. साहेबांच्या कपाटात चषक मावेनात.

दर वर्षी करार संपताना बाईंनी साहेबांशी एक सामना खेळायचा आणि नंतर चहाबरोबर नव्या करारावर साहेबांची सही व्हायची, अशी पद्धत होती. त्या सामन्यापुरतं बाईही ‘उचला’ म्हणत आल्या होत्या. यंदा चिटणीसांच्या साडूचा मुलगा कॅमेरा घेऊन शिकवायला तयार बसला होता. बाईंना ते ठाऊक होतं. त्या थोरल्या बहिणीकडे राहत. ‘एक शब्द तर म्हणायचाय, तोंड झिजतं का तुझं?’ असं बहिणीनं सकाळी बजावलं. बाईंनी बुटाची नाडी आणखी आवळली. हे बहिणीनंच मला मागाहून सांगितलं.

मी क्लबाचा हिशेबनीस. सामन्याचे गुण मांडायला सोबत होतो. पहिल्याच होलवर साहेबांचा चेंडू भोकाजवळ थांबला. साहेब सवयीनं अर्धे वाकले आणि बाईंकडे पाहू लागले. बाई झाडं पाहत होत्या. चिटणीस खोकले. बाईंना झाडं फारच आवडलेली दिसली. मग साहेबांनी चेंडू ढकलला. तो काठावरून वळसा घालून पलीकडे गेला. पुढेही तेच. कच्चे खेळाडू म्हणून साहेबांना काही फटक्यांची सवलत होती आणि जवळ आलं की बाईही चुकत होत्या, म्हणून सामना बरोबरीत चालला. एवढ्या वर्षांत साहेबांना पहिल्यांदाच खरंखुरं खेळावं लागत होतं.

शेवटच्या होलवर दोघांचे चेंडू भोकाजवळ होते. बाईंचा जरा लांब, म्हणून पाळी त्यांची. साहेब जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही मला उचला म्हणा, मी तुम्हाला म्हणतो. चहा गार होतोय.”

“असं ठरवून सोडता येत नाही साहेब. आणि माझा चेंडू मीच घालणार.”

“हात कापतोय तुमचा.”

“कापू दे. माझाच आहे.”

बाईंनी मारला. गेला नाही.

आता साहेब. त्यांचाही हात काही स्थिर नव्हता. पण चेंडू गेला आणि आतून टणकन आवाज आला. साहेब खुदकन हसले. जिंकले होते. बाईंनी पुढे होऊन हात मिळवला आणि म्हणाल्या, “साहेब, हा मात्र तुमचा.”

मागे कुणीतरी हसू दाबलं. साहेबांना अर्थ लागायला चहा येईपर्यंत वेळ लागला. एक खरा विजय आणि कपाटातले सगळे चषक खोट्यात निघाले! सही झाली नाही. माफी मागून टाका, असं चिटणीसांनी सुचवलं. “कशाची? जिंकले ना ते?” एवढं म्हणून बाई आपली पिशवी घेऊन निघाल्या.

फार लांब गेल्याच नाहीत. क्लबाच्या कुंपणापलीकडे मोकळं मैदान होतं. परवानगी काढून त्यांनी तिथं गवत कापलं, खड्डा खणला आणि पत्र्याचा डबा पुरला. डब्यात चेंडू पडला की आवाज थेट आमच्या ओसरीवर. आधी क्लबातली दातांची डॉक्टरीण तिकडे शिकायला गेली, मग साहेबांच्या वहिनी. साडूच्या मुलाचा कॅमेरा कुंपणाच्या अलीकडे सगळ्यांची कोपरं मोजत बसला.

एके सकाळी साहेब एकटेच सरावाला आले. वीतभरावरून मारत होते, चुकत होते. पलीकडे डबा वाजत होता. शेवटी कुंपणाशी जाऊन त्यांनी विचारलं, “बाई, माझा खांदा हलतोय का?”

बाईंनी मान वर केली नाही. “शिकायचं तर या बाजूला या. रांग डॉक्टरीणबाईंच्या मागे.”

साहेबांनी चिटणीसांच्या खिडकीकडे पाहिलं. फाटक तिथून बरंच लांब पडतं. ते निघाले.

तोवर बाईंनी स्वतःचा चेंडू मांडला, वीतभरावर. हात कापत होता. तो थांबायची त्यांनी वाट पाहिली नाही.