सकाळच्या गाडीचं पाणी

"आई, वास येतोय अजून," असं म्हणत नमिता न्हाणीच्या दारातच थबकली.

वास येणारच. लाल प्लास्टिकची बादली वितळून फरशीला चिकटली होती. भिंतीवर काजळीचा पट्टा कौलांपर्यंत चढला होता आणि दोरीवरच्या टॉवेलची नुसती किनार उरली होती. सगुणा लेकीच्या मागे उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, जणू तिनं कुणाचं काही चोरून आणलं होतं.

"रॉड कधी लावलास?"

"सकाळी."

"आणि होतीस कुठं?"

"वाटेवर. महिपतीभावजी भेटले. बोलत ऱ्हायले."

पाणी उकळून आटलं, उघडा पडलेला रॉड लालबुंद झाला, बादली पेटली आणि ज्वाळा वर लोंबणाऱ्या टॉवेलला लागली. शेजारच्या पुतळीनं धूर बघून मेन स्विच पाडला, अंगणातली वाळू ओतली, म्हणून घर राहिलं. पुतळी तशी कामाची बाई, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. वाळू निवायच्या आत तिचा फोन रोह्याला नमिताकडे गेलाही होता.

नमिता रोह्यात एका दवाखान्यात नर्स होती. भाजलेल्या माणसांच्या जखमा तिनं स्वतःच्या हातांनी धुतल्या होत्या, त्यामुळे गावी गडबला पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे आईचे हातच येत होते. घाबरली की ती ओरडायची. हा स्वभाव लहानपणापासूनचा.

"ही दुसरी बादली, आई. दिवाळीत एक गेली तेसुद्धा कळलंय मला. तू विसरायला लागलीस. पेणला डॉक्टरांना दाखवू, आणि मग माझ्याकडंच चल. अमोल म्हणाला, मागची खोली आईंना देऊ."

अमोल म्हणजे जावई. भला माणूस. त्याला नाही म्हणायला सगुणाला काही कारणही सापडेना.

विसरली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. विसरण्याचंच तर जमत नव्हतं.

सगुणाचा नवरा नाथा रोह्याजवळच्या धाटावला रंगाच्या कारखान्यात होता. रात्रपाळी त्यानं मागून घेतली होती, कारण दिवसा भात बघता यायचा. सकाळी कंपनीची गाडी गडबच्या फाट्यावर थांबायची आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकला की रॉड लावायचा. हे काम छोट्या नमिताचं, कारण सगुणाचे हात तेव्हा भाकरीच्या पिठात असायचे. नाथा फाट्यावरून रमतगमत घरी येईपर्यंत पाणी कढत व्हायचं. अंगावर रंगाची पूड घेऊन आलेला माणूस आंघोळीआधी कशाला शिवायचा नाही. पोरगी धावत आली तरी दोन्ही हात वर करून तो थेट न्हाणीत शिरायचा. मग मागच्या मोरीतून हळदीसारखं पिवळं पाणी बाहेर यायचं. मोरीचा दगड अजून पिवळाच आहे, घासून घासून सगुणाचे हात दुखले तरी.

नाथा गेला त्याला तीन पावसाळे झाले. गाडी मात्र थांबते. गावातली बाकीची माणसं उतरतात, हॉर्न दोनदा वाजतो, आणि सगुणाचा हात बटणावर जातो. तिला वेडबीड लागलेलं नव्हतं. नाथा येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, त्याला तिनंच तर शेवटचं न्हाऊ घातलं होतं. पण पाणी लावून ती वाटेवर उभी राहिली की ते तापेपर्यंत नाथा वाटेत असायचा. तेवढा वेळ तिचा. मग ती घरात यायची, रॉड काढायची, आणि त्या पाण्यानं स्वतः आंघोळ न करता ते गार होऊ द्यायची.

दिवाळीत हॉर्न झाल्यावर गाडी फाट्यावरच बंद पडली, माणसं उतरून तिला ढकलत बसली, आणि ही वाट बघत उभी; पहिली बादली तेव्हा गेली. आज महिपती, नाथाच्या पाळीतला जोडीदार, कामाचा शेवटचा दिवस उरकून उतरला. "उद्यापासनं मी नाय या गाडीनं, वहिनी," म्हणाला आणि नाथाच्या गोष्टी सांगत बसला. नाथा गाडीत कसा घोरायचा, नाथा डब्यातलं सुकट कसं चोरायचा. सगुणाचा पाय तिथून निघेना.

हे लेकीला कसं सांगायचं? सांगावं तर आई भ्रमली, न सांगावं तर आई विसरभोळी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींतून वर आलं तरी रोह्याची मागची खोली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. संध्याकाळी नमितानं मिक्सरची पिन काढली, टीव्हीची काढली, डासांची मशीन काढली, मोबाइलचा चार्जरसुद्धा. रॉड पुतळीनं पुसून न्हाणीतल्या त्याच्या खिळ्यावर परत अडकवून ठेवला होता. तो तिनं कागदात गुंडाळून आपल्या बॅगेत टाकला.

"जळलाय तो, आई. परत लावलास तर शॉकच बसेल. सकाळी निघू. कपडे भरून ठेव."

सगुणानं साड्या पिशवीत भरल्या. भांडण्याइतकं बळ तिच्यात होतं, पण बाजू मांडायला शब्द नव्हते.

सकाळी ती भाकरी थापत होती. नमिता अजून माजघरात झोपलेली. फाट्यावर हॉर्न वाजला, आणि सगुणानं दोन्ही हात परातीतल्या पिठात दाबून धरले. आज नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

मागे चादर भिरकावल्याचा आवाज झाला. केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, अशी नमिता धडपडत उठली.

"आई, गाडी आली. बाबांचं पाणी लावते गो," म्हणत ती तशीच न्हाणीत गेली.

सगुणा पिठाचे हात घेऊन दारात आली. नमिताचा हात रिकाम्या खिळ्यावर होता. ती त्या खिळ्याकडे बघत होती, मग तिनं आईकडे पाहिलं.

"तू विसरली नव्हतीस," ती हळूच म्हणाली.

"नाय गो."

"रोज?"

"रोज."

नमिता न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. सगुणाला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण हाताला पीठ होतं. तिनं कोपरानंच लेकीला जवळ ओढलं.

"मग सांगितलं का नाहीस? डॉक्टरकडं न्यायला निघाले मी तुला."

"काय सांगू? पाणी तापतंय तवर तो येतोय असं वाटतं, असं सांगू?"

नमितानं डोळे पुसले. "रोह्याला चल ना, आई. एकटीला ठेवून माझा जीव नाय लागणार तिकडं."

"रोह्यावरनं गाडी सुटते गो. येते ती हितं."

नमिता उठली. स्टीलचा टोप पाण्यानं भरून तिनं गॅसवर ठेवला.

"रॉड मी नेणार."

"ने."

"पाणी गॅसवर तापवायचं. आणि गॅसपाशी उभं राहायचं, वाटेवर नाय."

खिडकीतून वाटेचा तुकडा दिसतो का ते सगुणानं वाकून बघितलं. थोडासा दिसत होता.

"व्हय," ती म्हणाली.

दोघी गॅसपाशी उभ्या राहिल्या. गाडीतून उतरलेली माणसं खिडकीसमोरून एकेक करून गेली. शेवटचा माणूस गेला तेव्हा पाण्याला आधण आलं होतं. नमितानं गॅस बंद केला.

"जा, तूच घे आंघोळ करून," सगुणा म्हणाली. "वाया नको जायला."

नमिता पत्र्याच्या बादलीत पाणी घेऊन न्हाणीत गेली. सगुणा मागच्या अंगाला येऊन पायरीवर बसली. आत तांब्या बादलीवर आपटला, अंगावर पाणी पडल्याचा आवाज आला. नाथा गेल्यापासून या वेळेला न्हाणीत कुणी आंघोळ केली नव्हती. सगुणा मान वाकवून मोरीकडे बघत राहिली.

पिवळ्या दगडावरून पाणी आलं. नितळ होतं.