रिकाम्या डोक्याचा राखणदार

मी कॅमेरा बोलतोय. कळंब्याला हंबीररावाच्या दारावर, लिंबू-मिरचीच्या शेजारी पांढरा डबा लटकतोय न्हवं, त्योच मी. लाल दिवा लुकलुकताना दिसला की लगीच टोपी सारखी केलासा बघा. उगं कशाला. माझ्या डोक्यात काय सुदीक न्हाय. दोन सेल आन एक इवलासा दिवा, बाकी पोकळ. बाजारात मला डमी म्हणत्यात.

मग बघतोस कशानं, असं इचारशीला. देवळातल्या दगडाला तरी कुठं बुबळं असत्यात? तरी त्याच्याम्होरं गाऱ्हाणं घालतासाच की.

आमचं मालक हंबीरराव म्हंजी एक नंबरचं चेष्टेखोर म्हातारं. गल्लीत चोरी झाली तवा त्याचा ल्योक विजयसिंह, त्यो मंगळवार पेठेत ऱ्हातोय, कंपनीचा माणूस घिऊन आला. चार कॅमेरं, घर मोबाईलात दिसणार, चोर आला की भोंगा वाजणार. म्हाताऱ्यानं समदं ऐकून घेतलं, त्याला चा पाजला आन इचारलं, "मी न्हाणीतनं टावेलावर भाईर आलो, तर माझा ल्योक पेठेत बसून बघणार व्हय?"

त्यो माणूस हसला. म्हातारा हसला न्हाय.

दुसऱ्या दिवशी आपणच बाजारात गेला आन मला घिऊन आला. पोराला सांगितलं, ह्यो मोबाईलवर दिसत न्हाय, मोबाईलातनं चोर घुसत्यात. ह्याच्या पोटातच कारड हाय, तीन म्हैन्याचं समदं ऱ्हातंय. पोराला पटलं. मालकिणीला, धोंडुबाईला बी पटलं. खरं काय ते आमा दोघांलाच ठावं.

मग काय मज्जा सांगू. शेजारचं गणपतराव मास्तर पाटचं येऊन कुंपणावरची जास्वंद तोडायचं. मालक न्हाणीच्या झरोक्यातनं मोजायचा आन दुपारी गाठायचा. "मास्तर, सात फुलं. सव्वासहाला. कॅमेऱ्यात हाय." दुसऱ्या दिवशी मास्तर आपल्याच मोगऱ्याची परडी घिऊन दारात. दूधवाल्याचं दूध घट्ट झालं. धोंडुबाई बी पायरीवरचा कचरा चपलीनं सारायची, ती वाकून केरसुणी मारायला लागली. मालक कोपऱ्यात बसून मिशीत हसायचा.

दर अवसेला त्यो स्टुलावर चढायचा. आधी लिंबू-मिरची नवी, मग माझं सेल नवं. फडक्यानं माझं त्वांड पुसायचा आन म्हणायचा, "तू आन ह्ये लिंबू, एकाच खात्यातली नोकरं. दोघांच्यात बी काय न्हाय, खरं लोकं भित्यात."

गेल्या सालापासनं त्याचं काय तर बिनसलं. एका आठवड्यात तीनदा लिंबू बदललं. सेल उलटं घातलं, मी दोन दिस इझून बसलो. एकदा चष्मा कपाळावर ठिऊन घरभर हुडकत हुता. माझ्याकडं बोट करून धोंडुबाईला म्हणाला, "त्यात बघ की, कुठं ठेवलाय दिसंल." तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी वाट बघितली, आता मिशीत हसंल. हसला न्हाय. आमा दोघांलाच ठावं हुतं त्ये आता माझ्या एकट्याजवळ ऱ्हायलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी धोंडुबाई दळण घिऊन गिरणीत गेलती. मालक भाईर आला. धुतल्यालं धोतर, पिवळा पटका, हातात कापडी पिशवी. दाराला कुलूप लावायला बघितलं, जमंना, तसंच लोंबत सोडलं. पायरी उतरून थांबला. चाळीस वर्सांत ह्यो माणूस बायकोला न सांगता कोपऱ्यावरच्या पानपट्टीला बी गेला न्हवता. त्यानं वर माझ्याकडं बघितलं, पटका सारखा केला आन मोठ्यानं म्हणाला, "धोंडू, मी गगनबावड्याला आक्काकडं चाललोय. पंचमीला तिला म्हायेरी आणतो. भात जास्तीचा टाक."

आक्का त्याची थोरली भण. तिला जाऊन बारा वर्सं झाली.

मी आपला लुकलुकत ऱ्हायलो. दुसरं काय येतंय मला.

सांजच्यापतूर विजयसिंहनं स्टँड, रंकाळ्याचा काठ, दवाखानं, देवळं पालथी घातली. पोलीस आलं. त्यास्नी मी दिसलो. धोंडुबाईच्या तोंडावर सकाळपासनं पहिल्यांदा रंग आला. म्हणाली, "काढ रं इज्या खाली. ह्यात समदं असतंय. कुठल्या अंगाला गेल्यात त्ये तरी कळंल."

विजयसिंहनं स्क्रू काढलं. दोन सेल निघालं. दिवा निघाला. मग त्यो कितीतरी येळ रिकाम्या डब्यात बोट फिरवत ऱ्हायला.

धोंडुबाई हसली. खरंच हसली. "मला बी फसवलासा व्हय," म्हणत पायरीवर बसली. मग पदर तोंडाला लावला. "खरं कदी न सांगता जात न्हवतं ओ."

पेठेत, स्टँडवर फोटू लागलं. गगनबावड्याकडं कोण फिरकलं न्हाय. मेलेल्या भणीच्या गावाला कोण हुडकाय जाणार?

पाच अवसा झाल्या. विजयसिंहनं चार खरं कॅमेरं बसीवलं. चारीच्या चारी कॅमेऱ्यांत म्हातारी पायरीवर बसल्याली दिसती, दुसरं काय न्हाय. मला काढणार हुता, तिनं काढू दिलं न्हाय. अवसेला स्टुलावर चढती, लिंबाला हात लावत न्हाय, माझं सेल तेवढं बदलती. रोज एकदा माझ्याकडं बघून म्हणती, "येवढं सांगून जायचं हुतं."

पावणं, मालक घावंल अशी आशा मला न्हाय. गगनबावड्याच्या घाटातला श्रावणाचा पाऊस कसा असतोय तुमास्नी ठावं हाय. खरं कळंब्यावरनं गेलासा, तर लाल दिव्याखाली ती बसल्याली दिसंल. थांबा आन तिला सांगा, म्हातारा सांगून गेलाय म्हणावं. भात जास्तीचा टाक म्हणालता.