दुसऱ्या नावाची जागा

मायलो पिसाची लेखणी तासत होता, तेवढ्यात आरोपी म्हणाला, "मारलं मीच. नाही कोण म्हणतंय? पण तो आयरिश होता."

डब्लिनच्या न्यायसभेत एवढं पुरत असे. आयरिश माणसाला मारणं इंग्रज राजाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. पंचांपैकी एकाने तर जांभई दिली. मायलोच्या हातातला चाकू मात्र थांबला. मेलेल्याचं नाव त्याने आत्ताच ऐकलं होतं : फियाक्रा, कॉनालचा मुलगा. त्याचा धाकटा भाऊ.

पण राजाचं दप्तर सांभाळणारा हा धर्मगुरू मायलो स्वतः आयरिश आहे, हे सभेतल्या एकाही इंग्रजाला माहीत नव्हतं. वीस वर्षं त्याने ते कळू दिलं नव्हतं, आणि आता त्याच्या बिशपपदाचं पत्र लंडनहून निघालंही होतं.

फियाक्राची बायको ओर्ला पुढे आली.

"महाराज, माझ्या नवऱ्याला राजाची सनद आहे. इंग्रजांचा कायदा त्यालाही लागू केलाय. दहा वर्षं झाली."

"कोण म्हणतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याचे थोरले भाऊ. सरकारात आहेत. त्यांनीच नाव घातलं."

बोलताना तिने मायलोकडे पाहिलंही नाही. दिराची अब्रू ती अजूनही जपत होती.

"फादर, काढा ती सनद," न्यायाधीश मायलोला म्हणाले. " नाव असेल तर हा फासावर जाईल, नसेल तर घरी."

मायलोला शोधावं लागलं नाही. ती सनद त्याच्याच हातची होती. त्याच्या स्वतःच्या नावापुढे दुसऱ्या नावाला जागा होती, पण फियाक्रा डोळ्यांवर केस सोडणारा, बिनखोगीर घोड्यावर बसणारा, गडगडाटी हसणारा माणूस. हा तुमचा कोण, असं उद्या कुणी विचारलं तर? मायलोने लेखणी खाली ठेवली होती. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं भावाला मात्र सांगितलं होतं, "घातलं रे तुझंही." तेव्हापासून दर नाताळाला फियाक्राकडून लोण्याचं पिंप येई.

'नोंद नाही' एवढं म्हटलं की त्याचं गुपित शाबूत होतं. मायलोला स्वतःची किळस आली. त्याने सनदेची गुंडाळी उलगडली.

"कॉनालचा मुलगा मेल-ईसा, धर्मगुरू, हल्लीचं नाव मायलो, यास..."

जांभई देणारा पंच ताठ बसला.

"तुम्ही?" न्यायाधीश पुढे वाकले.

"मी."

"आणि पुढे?"

"पुढे कोरी जागा आहे, महाराज. मीच ठेवलेली."

आरोपीने टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. मग ओर्ला मेजापाशी आली आणि पहिल्यांदाच तिने मायलोकडे पाहिलं.

"यंदाचं लोणी बाहेर खेचरावर आहे," ती म्हणाली. "त्यानेच भरून ठेवलं होतं. उतरवून घ्या, भावोजी."